गाडीचे काळे प्लॅस्टिक भुरकट पडले आहे: तेल, उष्णता, रंग की कोटिंग?

अकोल्याचा वाटसरू

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१६ सालची पांढऱ्या रंगाची छोटी एसयूव्ही आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण आमच्याच आवारात वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार-पाच गाड्यांची हीच गत झालेली मला रोज दिसते. इंजिनाबद्दल तक्रार नाही, पत्र्यावरचा रंगही टिकून आहे; पण चाकांच्या कमानींवर, दारांच्या खालच्या कडेला आणि बंपरच्या तळाशी जे खरखरीत काळे प्लॅस्टिक आहे, ते आता जुन्या पाटीसारखे भुरकट दिसू लागले आहे. गाडी उघड्यावर उभी असते आणि तिची उजवी बाजू पश्चिमेकडे येते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे वेगळे सांगायला नको. उजव्या बाजूच्या मागच्या कमानीवरून अंगठा फिरवला की अंगठ्याला करड्या रंगाची भुकटी लागते आणि जिथून अंगठा फिरला तिथे किंचित गडद पट्टा उरतो. डावी बाजू भिंतीच्या सावलीत असल्यामुळे तिचा काळेपणा बराचसा शाबूत आहे, त्यामुळे एकाच गाडीच्या दोन बाजू दोन वेगळ्या गाड्यांच्या वाटतात.

दर सर्व्हिसिंगच्या वेळी तिथला मुलगा या भागांवर कसलासा चकचकीत द्राव फासून देतो. आठवडाभर गाडी नवी दिसते, मग त्यावर धूळ चिकटते, आणि पहिल्या पावसात तो द्राव ओघळून पांढऱ्या दारांवर मळकट रेघा उमटतात. शेजारचे काका खोबरेल तेल लावायला सांगतात. मेहुण्यांनी हॉट एअर गनने प्लॅस्टिक शेकले की ते आपोआप काळे होते असा व्हिडिओ पाठवला असून स्वतः गन घेऊन येण्याची तयारीही दाखवली आहे. गॅरेजवाल्याचे म्हणणे असे, की मास्किंग करून काळा स्प्रे मारून टाकू, कटकट मिटेल.

यांपैकी निदान एखादे वर्ष टिकेल असे काय आहे? वायपरखालची जाळी, काचांच्या रबरी बीडिंग, वायपरचे दांडे आणि पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबावरची काळी पट्टी हेही सर्व निस्तेज झाले आहे. त्या सर्वांना एकच उपाय चालेल का? मला हे घरीच करायचे आहे आणि दोन-तीन हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा आता करावे की दिवाळीनंतर, हेही सांगावे.

रविवारचा धुलाईवाला, पुणे

सर्वप्रथम मेहुण्यांना थोपवून धरा. बाकीचे सावकाश पाहू.

कोणतीही बाटली विकत घेण्याआधी एक साधी परीक्षा करा. सकाळी गाडी गार असताना त्या प्लॅस्टिकवर स्वच्छ पाणी ओता आणि ते ओले असतानाच निरखून पाहा. ओला भाग काळाभोर दिसला आणि वाळताना पुन्हा करडा झाला, तर वरचा थर उन्हाने झिजला आहे आणि कोटिंगने तो बहुधा सुधारेल. ओले असतानाही पांढरे डाग तसेच राहिले, तर ते एकतर बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार असतात किंवा पत्र्याला पॉलिश करताना प्लॅस्टिकवर लागलेले मेण असते. क्षारांवर समप्रमाणात पाणी घातलेला पांढरा व्हिनेगर दोन-तीन मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवावा. मेण मात्र त्या खरखरीत दाण्यांच्या खळग्यांत बसते आणि फडक्याने निघत नाही. त्यासाठी मेलामाइनचा पांढरा स्पंज ओला करून हलक्या हाताने फिरवावा लागतो. हा स्पंज पत्र्याच्या रंगावर चुकूनही फिरवू नये, कारण तो मुळात बारीक पॉलिश पेपरसारखाच काम करतो आणि रंगाची चमक घालवतो.

आता मुख्य गोष्ट. गेली कित्येक वर्षे आपल्या गाडीवर जो द्राव फासला जात आहे तो बहुधा सिलिकॉन तेलाचा आहे, आणि तो पुरता निघाल्याशिवाय वरून लावलेली कोणतीही महागडी वस्तू धरणार नाही. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा लोक कोटिंगला दोष देतात तेव्हा चूक धुण्यात झालेली असते. नुसत्या शाम्पूने हे तेल जात नाही. ऑल पर्पज क्लीनर एकास दहा या प्रमाणात पाण्यात मिसळून, मऊ केसांच्या ब्रशने, एका वेळी हातभर जागा घेऊन घासावी आणि फेस वाळण्याआधी धुऊन टाकावा. पहिल्या खेपेला फेस करडा-तपकिरी निघेल. फेस पांढरा निघेपर्यंत हे करत राहायचे. तीन खेपा सहज लागतात. नंतर पाणी शिंपडून पाहावे. पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आहे, आणि पाणी पसरून सगळा भाग सारखा भिजला तर काम झाले. पूर्ण वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन एकदा पुसून घ्यावे. थिनर किंवा पेट्रोल वापरू नये. कमानींना त्याने लगेच काही होणार नाही कदाचित, पण आरशांची घरे आणि चकचकीत काळे भाग पुष्कळदा एबीएस प्लॅस्टिकचे असतात आणि थिनरने त्यांचा पृष्ठभाग विरघळतो.

लावण्याच्या वस्तू ढोबळमानाने तीन प्रकारच्या मिळतात. पहिला प्रकार आपण भोगत आहात तोच, म्हणजे ड्रेसिंग. त्याचे आयुष्य दोन-चार धुण्यांचे. दुसऱ्या प्रकारात काळे रंगद्रव्य असलेला तेलकट द्राव असतो, तो चोळून जिरवायचा असतो आणि नीट लावला तर सहा महिन्यांपासून वर्षभर काढतो. तिसरा प्रकार म्हणजे सिरॅमिक जातीचे ट्रिम कोटिंग (ट्रिम म्हणजे गाडीचे हे बाहेरचे काळे प्लॅस्टिक), जे हवेतल्या दमटपणाने कडक होऊन पृष्ठभागावर पातळ काचेसारखा थर धरते. आपली गाडी उन्हात असते हे पाहता मी तिसऱ्याची शिफारस करेन. ३० मिलीलीटरची बाटली अशा गाडीला पुरून उरते आणि तिचा खर्च आपल्या अंदाजात बसतो.

लावताना सावली हवी आणि प्लॅस्टिक हाताला गार लागले पाहिजे. पत्र्याच्या कडेने मास्किंग टेप लावा आणि नायट्राइलचे हातमोजे घाला. ॲप्लिकेटरवर आठ-दहा थेंब घेऊन आधी आडवे, मग उभे फिरवा, आणि मिनिटा-दोन मिनिटांत जास्तीचे कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्या. टिपायला विसरलात तर तिथे इंद्रधनुषी डाग कडक होऊन बसतो आणि मग तो घासून काढताना नाकी नऊ येतात. तासाभराने दुसरा हात द्या. पुढचे २४ तास त्यावर पाणी पडता कामा नये. पहिला नियम म्हणून सांगतो, एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी करून पाहा.

पावसाळ्याबद्दल: मेच्या अखेरीस एखादा कोरडा दिवस मिळत असेल तर आत्ताच करा. 

हॉट एअर गनने प्लॅस्टिकमधले तेल वर येते आणि काळेपणा परततो हे खरे आहे, पण ते तेल एकदा संपले की प्लॅस्टिक ठिसूळ होते, म्हणून तो मार्ग मी टाळतो.

भोसरीचा साचेवाला

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु शेवटचे वाक्य दुरुस्त करण्याची परवानगी द्यावी. मी इंजेक्शन मोल्डिंगच्या धंद्यात वीस वर्षे आहे आणि ‘तेल वर येते’ ही समजूत इतकी पसरली आहे की आमच्याकडे नवीन आलेली मुलेही ती घेऊनच येतात.

या कमानींमध्ये वर येण्यासारखे तेल नसते. एखादी कमान काढण्याचा योग आला तर तिच्या पाठीमागे पाहा. साच्यातच उठवलेली पीपी, ईपीडीएम आणि टी किंवा टीडी २० अशी अक्षरे सापडण्याची बरीच शक्यता आहे. याचा अर्थ पॉलिप्रॉपिलिन, त्याला धक्का सोसता यावा म्हणून मिसळलेले ईपीडीएम रबर, आणि कडकपणासाठी घातलेली २० टक्के टाल्क, म्हणजे पावडरच्या डब्यात असते तीच शंखजिऱ्याची भुकटी. काळा रंग कार्बन ब्लॅकचा असतो आणि तो वरून दिलेला नसून आरपार मिसळलेला असतो. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पॉलिप्रॉपिलिनच्या लांब साखळ्या तोडतात. हे नुकसान फार तर मिलिमीटरच्या काही दशांशांपर्यंतच पोचते, कारण कार्बन ब्लॅक किरणांना तिथेच शोषून घेतो. पण तेवढ्या थरात सूक्ष्म भेगा पडतात आणि टाल्कचे कण उघडे पडतात. भेगाळलेल्या पृष्ठभागावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून काळ्या वस्तूवर पांढुरकी झाक दिसते. आपल्या अंगठ्याला लागणारी भुकटी म्हणजे तुटलेले पॉलिमर आणि टाल्क. पाणी ओतल्यावर त्या भेगा पाण्याने भरतात, प्रकाश विखुरणे थांबते आणि मूळचा काळा रंग दिसतो. धुलाईवाल्यांची परीक्षा यासाठीच योग्य आहे. खोबरेल तेल, व्हॅसलीन, डब्ल्यूडी-४०, बुटाचे पॉलिश हे सारे पाण्याचेच काम थोडे जास्त दिवस करतात, इतकेच. त्यातले खोबरेल तर आपल्याकडच्या हिवाळ्यात सकाळी थिजून पांढरे होईल, आणि बुटाचे पॉलिश गाडीला टेकलेल्या प्रत्येक पँटला लागेल.

हॉट एअर गनने काय होते ते आता लक्षात येईल. पॉलिप्रॉपिलिन साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते. गनची हवा लागली की वरचा भेगाळलेला थर क्षणभर वितळून सपाट होतो, भेगा मिटतात आणि काळा रंग परत येतो. देखावा खरोखर जादूसारखा आहे. मात्र तो थर आधीच सडलेला असतो आणि त्यातली स्टॅबिलायझरची, म्हणजे उन्हापासून जपणारी, रसायने संपलेली असतात, त्यामुळे अकोल्याच्या उन्हात तो काही महिन्यांत पुन्हा भुरकट होतो. बाजारातल्या साध्या गनसुद्धा ५०० अंशांच्या आसपास हवा फेकतात, म्हणजे चूक करायला दोन-तीन सेकंद पुरे होतात. खरखरीत दाणे वितळून तिथे गुळगुळीत, चमकणारा ठिपका तयार होतो, जो कोणत्याही उपायाने जात नाही. शेजारचा रंग फुगतो, कमान वाकली तर क्लिपांत बसत नाही, आणि वायपरखालच्या जाळीवर गन चालवली तर पुढची काच तडकण्याचा धोका असतो.

गॅरेजवाल्याच्या स्प्रेबद्दलही दोन शब्द. पॉलिप्रॉपिलिनला काहीही सहज चिकटत नाही, हा त्याचा स्वभावच आहे. कारखान्यात बंपर रंगवण्याआधी त्यावर ज्योत फिरवतात किंवा पॉलिप्रॉपिलिनसाठीचा खास प्रायमर देतात, ते याचसाठी. प्लॅस्टिकचा ॲडहीजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारा खालचा थर, न देता मारलेला काळा स्प्रे वर्षभरात खपल्या धरतो, आणि दगड लागणाऱ्या चाकाच्या कमानीवर तर त्याहून लवकर. शिवाय एकदा रंग दिला की तो भाग कायमचा रंगाचा झाला, पुढे दर वेळी रंगच द्यावा लागतो.

रविवारचा धुलाईवाला, पुणे

चूक मान्य आहे. मी ही तेलाची गोष्ट निदान पन्नास जणांना सांगितली असेल.

रत्नागिरीहून

प्लॅस्टिकचे झाले, आता रबराबद्दल माझा पश्चात्ताप सांगतो. आमच्याकडे पावसाळ्याआधी गाडीच्या बुडाला गंज लागू नये म्हणून डिझेल आणि जुने इंजिन ऑइल मारण्याची पद्धत आहे. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये मी उत्साहाच्या भरात उरलेल्या डिझेलचे फडके काचांच्या बीडिंगवरूनही फिरवून घेतले. त्या संध्याकाळी बीडिंग नवीन गाडीसारख्या काळ्या दिसल्या. महिनाभरात त्या फुगून लिबलिबीत झाल्या, काच खाली-वर करताना करकरू लागल्या, आणि ऑगस्टमध्ये चालकाच्या दाराची बीडिंग कोपऱ्यात खोबणीतून सुटून बाहेर लोंबू लागली. नंतर समजले की ईपीडीएम रबर ऊन-पाऊस उत्तम सोसते, पण पेट्रोल, डिझेल आणि खनिज तेल त्याला अजिबात चालत नाही. चारही बीडिंग बदलाव्या लागल्या. आता मी साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, पाण्यावर आधारलेले रबराचे ड्रेसिंग महिन्या-दोन महिन्यांनी बोटभर फडक्याने लावतो. रबर हलणारी वस्तू आहे, त्यावर कडक होणारे कोटिंग लावले तर ते घडीवर तडकते असे मी करून पाहिले आहे.

आपल्या यादीतल्या बाकीच्या वस्तूंचेही वेगवेगळे आहे. वायपरचे दांडे धातूचे असतात आणि त्यांच्यावरचा काळेपणा हा सरळ रंग असतो. दांडे काढून, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, प्रायमर आणि सॅटिन काळा स्प्रे दिला की दोन-तीन वर्षे बघावे लागत नाही. तिथे गॅरेजवाल्याचा सल्ला बरोबर आहे. खांबावरची काळी पट्टी बहुतेक गाड्यांत चिकटवलेली फिल्म असते. ती तडकली असेल तर तिला काहीही लावून उपयोग नाही, हेअर ड्रायरने गरम करून सोलून काढावी आणि नवी लावावी.

वायपरखालच्या जाळीला तेलकट काहीही लावू नका. पावसात ते धुपून काचेवर येते, वायपर त्याची साय पसरवतो आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत काच दुधाळ होते. महाडच्या अलीकडे एका जुलैत मी हा अनुभव घेतला आहे आणि पुन्हा घेऊ इच्छित नाही. ती जाळी साफ करतानाच तिच्या दोन्ही टोकांना पाणी वाहून जाण्याची भोके असतात, ती तपासा. आमच्याकडे त्यांत आंब्याची पाने कुजून बसतात, आपल्याकडे कडुनिंबाची असतील.

अकोल्याचा वाटसरू

सर्वांचे आभार. मागच्या रविवारी आपण सांगितल्याप्रमाणे केले, त्याचा वृत्तान्त देतो.

पाणी ओतल्यावर कमानी काळ्याभोर झाल्या, पण दारांखालच्या पट्ट्या ओल्या असतानाही ठिपकेदार पांढऱ्या राहिल्या. आवारात गाड्या बोअरच्या पाण्याने धुतल्या जातात हे मला माहीत होते, पण तो दोष मी आजवर उन्हाच्या नावावर लिहीत होतो. व्हिनेगरने त्यातले बहुतेक ठिपके गेले. क्लीनरच्या पहिल्या खेपेला निघालेला फेस चहाच्या रंगाचा होता. डाव्या बाजूला तीन खेपा लागल्या, उजव्या बाजूला पाच. धुऊन वाळल्यावर सगळी गाडी आधीपेक्षाही वाईट, राखेसारखी दिसू लागली, आणि घरातल्या मंडळींनी मी गाडीचे वाटोळे केले असा निर्वाळा दिला. त्या क्षणी गन मागवण्याचा मोह झाला, हे कबूल करतो.

पहाटे पाचला उठून सिरॅमिक ट्रिम कोटिंगचे दोन हात दिले आणि नऊपर्यंत काम आटोपले. मधोमध टेप लावून आधी अर्धीच कमान केली होती. टेप काढल्यावर जी रेघ दिसली ती पाहून घरातला विरोध मावळला. बाटलीत अजून निम्मा द्राव आहे. मेहुण्यांनी मात्र स्वतःच्या गाडीच्या मागच्या बंपरवर गन चालवली, आणि आता तिथे नंबर प्लेटखाली रुपयाएवढा चकचकीत ठिपका आहे, ज्याविषयी आमच्याकडे सध्या बोलले जात नाही.

एक अडचण उरली आहे. उजवी मागची कमान, जिची भुकटी निघत होती, ती दोन हात देऊनही चट्ट्याचट्ट्यांची दिसते. तिरप्या उन्हात पाहिले तर तिच्यावर कोरड्या तळ्याच्या गाळासारख्या बारीक भेगा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तिसरा हात द्यावा का?

भोसरीचा साचेवाला

देऊ नका. भेगा नुसत्या डोळ्यांना दिसू लागल्या म्हणजे त्या कोटिंगच्या पातळ थराने भरण्याच्या पलीकडे गेल्या आहेत, आणि नखाने तिथले कण सुटत असतील तर त्या कणांबरोबर कोटिंगही सुटणार. ती एक कमान बदलून घ्यावी. हा सुटा भाग पत्र्यासारखा महाग नसतो आणि त्याला रंगकामही लागत नाही. नवी कमान बसवण्याआधीच तिच्यावर कोटिंग करा. बाटली उघडलेली असल्यामुळे उरलेला द्राव हवेने घट्ट होण्यापूर्वी हे उरका. नव्या भागावर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या द्रवाचा अंश असू शकतो, म्हणून तीही एकदा क्लीनरने धुऊनच घ्यावी.

रविवारचा धुलाईवाला, पुणे

कमान मागवताना तिच्या क्लिपाही वेगळ्या मागवा, कारण त्या बहुधा कमानीसोबत येत नाहीत आणि दहा वर्षांच्या क्लिपा काढताना निम्म्या तुटतातच. लागतात त्याहून चार जास्त घ्या. काढण्यासाठी लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर न वापरता प्लॅस्टिकची पट्टी वापरा, नाहीतर कमानीच्या नादात पांढऱ्या पत्र्यावर ओरखडा यायचा. डावीकडची जुनी कमान आणि उजवीकडची नवी यांच्या काळेपणात पहिले काही महिने थोडा फरक दिसेल, पण दोन्ही एका वेळी पाहता येत नाहीत, तेव्हा त्याची चिंता करू नये.

अकोल्याचा वाटसरू

कमान आणि बारा क्लिपा मागवल्या आहेत. पुढच्या आठवड्यात येतील असे सांगितले आहे. तोपर्यंत गाडी उलट्या तोंडाने उभी करतो आहे, म्हणजे थोडे ऊन डाव्या बाजूच्याही वाट्याला येईल.